रीडअहेड कोणत्या डिव्हाइसवर वाढवलंत?

लिनक्सवर मूळ डिस्कचा रीडअहेड (मागणी येण्याआधीच पुढचा किती डेटा वाचून ठेवायचा तो आकडा) वाढवूनही एन्क्रिप्टेड विभागाचा वाचनाचा वेग तसाच राहिला, अशी तुमची तक्रार. त्यात नवल नाही. फाइलसिस्टिम बसलेली असते डीएम-क्रिप्टच्या (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शन थराच्या) मॅप केलेल्या डिव्हाइसवर, आणि पुढचं आधीच वाचून ठेवायचं काम त्याच थरावर होतं. खालच्या डिस्कचा आकडा कितीही फुगवा, या वाटेने जाणारं वाचन तो बघतच नाही. बदल त्या मॅप केलेल्या डिव्हाइसवर, म्हणजे डीएम-० वर (किंवा तुमचा जो क्रमांक असेल त्यावर) करून बघा.

आणखी एक गफलत, मीही केलेली: ब्लॉकडेव्ह ही कमांड रीडअहेड ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजते, सिसएफएसमधली (कर्नलची सेटिंग्ज फाइलींसारखी दाखवणारी जागा) रीडअहेडची फाइल किलोबाइटमध्ये. म्हणजे एकीकडचे २५६ आणि दुसरीकडचे १२८ एकच.

एन्क्रिप्शन असताना याचा फायदा जास्त का जाणवतो? रीडअहेड लहान असेल तर डिस्क वाचते तेव्हा प्रोसेसर बराचसा रिकामा, आणि तो एन्क्रिप्टेड डेटा उलगडत बसतो तेव्हा डिस्क रिकामी. रीडअहेडची खिडकी मोठी केली की एकाच वेळी अनेक विनंत्या रांगेत राहतात आणि उलगडण्याचं काम अनेक कोअरवर वाटलं जातं. हे फक्त सलग वाचनाचं हं. डेटाबेससारख्या विखुरलेल्या वाचनात मोठी खिडकी नको ती पानं आणून कॅशे भरू शकते. डायरेक्ट आय-ओला (कॅशे टाळून थेट डिस्कवरून वाचण्याला) तर रीडअहेडशी देणंघेणंच नाही.

मोजण्याआधी कॅशे रिकामी करा, नाहीतर रॅमचाच वेग मोजाल. आणि क्रिप्टसेटअप बेंचमार्कचा (उलगडण्याचा वेग मोजणाऱ्या कमांडचा) आकडाच डिस्कपेक्षा कमी आला, तर दोष फक्त रीडअहेडचा नसेल.