पर्यावरणाचं ओझं बाईच्याच पिशवीत का?
(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तापीकाठ
जळगाव-धुळ्याच्या बचतगट प्रदर्शनात 'पर्यावरणपूरक' म्हणून काय मांडलेलं असतं? कापडी पिशवी, रिठ्याची पावडर, कापडी पॅड, नारळाच्या काथ्याची घासणी. सगळा माल बाईसाठी, आणि वापरताना कष्टही तिचेच वाढणार. घरातलं सर्वांत जास्त प्लास्टिक मात्र कृषी सेवा केंद्रातून येतं आणि ती खरेदी पुरुष करतो.

रावेर-यावलकडे निर्यातीच्या केळीला स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पातळ प्लास्टिकची पिशवी, घालतात. 6 बाय 5 फुटांवर एकरी 1452 झाडं, म्हणजे तेवढेच घड. बॅग 17 जीएसएमची (चौरस मीटरला 17 ग्रॅम), 80 सेंमी रुंद आणि 140 सेंमी लांब धरली, तर दोन्ही बाजू मिळून एकीचं वजन 38 ग्रॅम. एकरी 55 किलो पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच, तेही एका हंगामात. बाजारातली कॅरीबॅग 5 ग्रॅमची धरा. रोज एक घेतली तरी 55 किलो व्हायला 30 वर्षं लागतात. मग उपदेश नेमका कुणाला करायचा?

रिठा-शिकेकाई
दादा, हाई खरं शे, पण अर्धंच. स्कर्टिंगची बॅग सगळे घालत नाहीत, किराणा मात्र प्रत्येक घरात येतो. साबण, तेल, पॅड काय घ्यायचं हे बाईच ठरवते, आणि एकीला पटलं की गल्लीतल्या दहा घरांत पोचतं. धंदा उभा राहतो तो अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर. वर्षातून एकदा बॅगा घेणाऱ्यावर गटाचं दुकान कसं चालेल?

पॅडचंच घ्या. महिन्याला 10 वापरले तर वर्षाला 120, आणि त्यांत बराचसा भाग प्लास्टिकचा. कापडी पॅडचा एक संच दोन वर्षं जातो. पैसा तिचाच वाचतो.

घागर-हंडा
ताई, पैसा वाचतो, पण पाणी आणि वेळ कुणाचा जातो? पॅड आधी गार पाण्यातच भिजवावं लागतं, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण, दोनदा खळबळणं आणि कडक ऊन. कपडे मऊ करायचं द्रावण टाकलं तर कापड शोषूनच घेत नाही. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात त्यासाठी वेगळी बादली कुठून काढायची? पावसाळ्यात ते दोन दिवस ओलं राहतं. लाजेने साडीखाली वाळत घातलं की कुबट वास येतो, त्वचेला त्रास होतो. बाई मग परत दुकानातल्या पॅडवर जाते आणि विकणारे म्हणतात, जागृती कमी पडली. जागृती भरपूर आहे हो, दोरी टांगायला आडोशाची उन्हाची जागा नाही.

संचासोबत झाकणाची बादली आणि चिमट्यांची गोल वाळवणी द्या, पावसाळ्याचा विचार करून एक संच जास्तीचा द्या. किंमत वाढेल, पण गिऱ्हाईक टिकेल.

सुई-दोरा
कापडी पिशवी पुरुष वापरत नाहीत, यात शिवणाऱ्यांचाही दोष आहे. पातळ मांजरपाट, वर फुलं, बंद एकाच टिपेवर. पाच किलो भरताची वांगी आणि कांदे घातले की बंद मुळातून उसवतो. गडद कॅनव्हास घ्या, बंद तोंडापासून चार बोटं आत न्या, तिथे चौकोनी टीप मारून मधे फुली घाला. बंद गाडीच्या हुकात अडकेल एवढा आखूड ठेवा, चाकाला घासला की पिशवी गेलीच. अशी पिशवी कुठलाही पुरुष मुकाट्याने नेतो. 'बायकी वस्तू' ही समजूत निम्मी तरी मालाच्या घडणीतून येते.

केळीबाग
तापीकाठ, बॅग काय हौसेने घालतात का? पानं घासून सालीवर ओरखडे पडतात, फुलकिड्यांचे डाग येतात, धूळ बसते. डागी घड निर्यातीत चालत नाही. ती बंद करा म्हणणं म्हणजे शेतकऱ्याच्या भावावर घाला आहे.

तापीकाठ
बंद करा असं म्हटलंच नाही, भाऊ. परत घ्या म्हणतोय. उन्हाने ती विरते, कापणीला ओढली की फाटते, तुकडे मातीत जातात आणि उरलेली बांधावर पेटते. बाजारातल्या कॅरीबॅगला डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनची अट आहे, शेतात मातीवर अंथरायच्या, त्याहून कितीतरी पातळ प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरला तीच अट लागू नाही. भाजी घ्यायला गेलेल्या बाईची पिशवी तपासतात, बांधावरचा धूर कुणी बघत नाही. कृषी सेवा केंद्राने बॅगेमागे एक रुपया अनामत घ्यावी, शंभराचा गठ्ठा आला की परत करावी.

केळीबाग
गठ्ठा चिकाने आणि मातीने माखलेला येतो, भंगारवाला उचलत नाही. आधी झटकून, वाळवून, आतबाहेर उलटून बांधावा लागेल. हे काम करणार कोण?

घागर-हंडा
रोजाने येणाऱ्या बायकाच करतील, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून अनामतीचा रुपया बॅग विकत घेणाऱ्याच्या खात्यात परत जाता कामा नये. गठ्ठा बांधणारीच्या हातात रोख द्या. सातबारा आणि ठिबकचं अनुदान बहुतेक घरांत पुरुषाच्याच नावावर आहे, निदान हे शंभर रुपये तिचे असू द्या.

केळीबाग
रोख द्यायला माझी हरकत नाही. पण मग मजुरी वेगळी आणि हा रुपया वेगळा, असं केंद्राच्या पावतीवर छापून घ्या. नाहीतर पहिल्याच हंगामात तो मजुरीतून वळता होईल.