विषय: शिह त्झू जातीची कुत्री, धुळ्याचे घर आणि नसबंदीची अट

प्रेषक: ताई (जळगाव)

सप्रेम नमस्कार.
धुळ्याच्या कुटुंबाचा आज पुन्हा फोन आला. त्यांची लेक आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणार असून त्याआधी कुत्री घरी यावी, असा त्यांचा आग्रह आहे. घराबद्दल शंका नाही. दादांनी जाऊन पाहिले आहे, गच्चीवर बांधून ठेवण्याचा प्रकार नाही आणि आधीच्या कुत्र्याची लसीकरणाची पुस्तिका त्यांनी तो गेल्यावरही जपून ठेवली आहे. अडचण एवढीच की, हिची नसबंदी झालेली नाही आणि इतक्यात होणारही नाही. गोचीड तापासाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा २८ दिवसांचा क्रम सध्या निम्म्यावर आला आहे, आणि निरोगी कुत्र्याच्या दर मायक्रोलिटर रक्तात साधारण २ ते ५ लाख असणाऱ्या, रक्त गोठायला लागणाऱ्या प्लेटलेट परवाच्या तपासणीत लाखालाही पोचल्या नव्हत्या. या स्थितीत शस्त्रक्रिया केली तर रक्तस्राव आवरणे कठीण जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. लेखी हमी घेऊन तिला आताच द्यावे, की आपल्या नियमाप्रमाणे नसबंदी होईपर्यंत थांबावे, हे कृपया परवापर्यंत कळवावे.

प्रेषक: नाना (अमळनेर)

ताई, थांबावे. पारोळ्याच्या पॉमेरेनियनच्या वेळीही लेखी हमी होतीच. त्या कागदाचे पुढे काय झाले हे या ई-मेल यादीवर नव्याने सांगायला नको. मादी माजावर येऊन फळली की ६३ दिवसांच्या आसपास पिल्ले होतात, आणि शिह त्झूच्या पिल्लांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे सक्तीचे आहे, परंतु घरच्या घरी एक वेत विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद मागायला कोण जाणार? कुत्र्याला उपाशी मरायला सोडून देणाऱ्यासाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तेवढ्यात आपल्याकडे शेवभाजीची एक प्लेटही येत नाही. कायद्याचा धाक नसताना आपल्या हाती उरते ती नसबंदीची अट, आणि तीच आखाजीच्या पाहुणचारासाठी सोडायची, हे मला पटत नाही.

प्रेषक: भाऊ (न्यू जर्सी)

नानांचा राग रास्त आहे, पण ताईंपुढे दोनच वाटा आहेत असे मला वाटत नाही. मी इकडे लहान जातीच्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका गटात फॉस्टर, म्हणजे कुत्र्याला तात्पुरते घरी सांभाळणारा, म्हणून राहिलो आहे. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागातील पैदास केंद्रांतून, वेत घेऊन घेऊन थकलेल्या माद्या आमच्याकडे येत. अनेकींचे दात किडलेले असत आणि गुडघ्याची वाटी सरकलेली असे. अशी मादी शस्त्रक्रियेला योग्य नसेल, तर गट तिला पसंत केलेल्या घरी पाठवतो, मात्र दत्तक म्हणून नव्हे, तर फॉस्टर म्हणून. कुत्री कागदोपत्री गटाचीच राहते, उपचाराचे निर्णय गट घेतो आणि नसबंदी झाल्यावरच दत्तकपत्रावर सही होते. धुळ्याच्या मंडळींना हे मान्य असेल तर त्यांची लेकही खूश होईल आणि नानांची अटही शाबूत राहील. शस्त्रक्रियेचा खर्च इकडच्या आपल्या मंडळाच्या निधीतून करावा, असे मी सुचवतो.

प्रेषक: खजिनदार (मंडळ)

भाऊंच्या फक्त शेवटच्या वाक्याला उत्तर देतो. मंडळाचा निधी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी आहे, आणि तो दुसरीकडे वळवायचा तर वार्षिक सभेचा ठराव लागतो. शिवाय मंडळ परदेशात नोंदलेले असल्यामुळे ते २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत ठरते, आणि जळगावच्या गटाकडे असा परदेशी पैसा घेण्याची परवानगी तर सोडाच, साधी संस्थानोंदणीही नाही. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय अंशदान मानली जात नाही; नागरिकत्व बदललेल्यांना ही सवलत लागू नाही. तेव्हा कोणी काय पाठवावे हे ज्याने त्याने ठरवावे, मंडळाचे नाव मात्र त्यात येऊ नये.

प्रेषक: मावशी (भुसावळ)

पैशाचे पुढे बघता येईल, आधी तिला नेणार कशी ते सांगा. आपल्याकडे या दिवसांत पारा ४५ च्या आसपास असतो. शिह त्झूचे नाक आखूड. कुत्र्याला धापा टाकूनच अंग थंड करावे लागते आणि या जातीला तेही नीट साधत नाही. माझ्याकडे फॉस्टर म्हणून राहिलेला पग, कूलरसमोरून उठवून दुपारी नुसता अंगणात नेला तरी घोरल्यासारखा आवाज काढू लागे. त्यामुळे पहाटे निघावे, गाडी आधी गार करून घ्यावी, आणि केस कात्रीने आखूड करावेत, वस्तऱ्याने कातडीपर्यंत काढू नयेत, नाहीतर ऊन थेट कातडीला लागते. आखाजीच्या घरात पाहुण्यांची वर्दळ असणार; कोणी लाडाने कांदा घातलेली भाजी भरवू नये, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी फुटतात आणि हिचे रक्त आधीच कमी आहे. खरे विचाराल तर पाहुणे परतल्यावरच न्यावे.

प्रेषक: नाना (अमळनेर)

भाऊ, तुमच्याकडे गट नोंदलेला असतो, म्हणून कुत्री गटाची राहते. खजिनदारांनी आत्ताच सांगितले की आपला गट कागदावर नाही. मग ती राहणार कोणाच्या नावावर? लसीकरणाच्या पुस्तिकेवर मालक म्हणून ताईंचे नाव आहे. ते शस्त्रक्रिया होईपर्यंत तसेच राहावे, मूळ पुस्तिका ताईंकडेच असावी, आणि धुळ्याला तिची झेरॉक्स व औषधांची चिठ्ठी द्यावी. शस्त्रक्रिया जळगावातच, याच डॉक्टरांकडे व्हावी. एवढे मान्य असेल तर माझा विरोध नाही, मात्र यापुढे हा पायंडा पडला असे कोणी समजू नये.

प्रेषक: ताई (जळगाव)

सर्वांचे आभार. धुळ्याच्या काकूंशी आत्ताच बोलले. पुस्तिका माझ्या नावावर राहण्याला त्यांची हरकत नाही, पाहुणे परतल्यावर कुत्री नेण्यासही त्या तयार झाल्या. लेक तिला जळगावला येऊन भेटेल. शस्त्रक्रियेसाठी जळगावला यायला मात्र त्या नाखूश आहेत, कारण टाके असताना एवढा प्रवास त्यांना नको वाटतो, आणि ते म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. मी सुचवले आहे की शस्त्रक्रियेनंतर टाके निघेपर्यंत कुत्री माझ्याकडेच राहील. त्या विचार करून कळवणार आहेत. प्लेटलेटची पुढची तपासणी औषधाचा क्रम संपल्यावर होईल, त्याआधी तारीख ठरवता येणार नाही. दादा, पगच्या वेळी आणलेली गळ्याची प्लॅस्टिकची कॉलर तुमच्याकडे आहे की मावशींकडे?