अनुभव धागा: ओळख ना पाळख, तरी घरात घेतलं

वैनगंगाकाठ
काल माळा आवरताना जर्मनचं एक पातेलं हाती आलं. बुड काळं, एक कान निखळलेला. नवरा म्हणाला भंगारात टाक. टाकवेना. शिडीवरच बसून रडले, म्हणून हा धागा.

१९९४ चा मे. बाबांना ब्रह्मपुरीहून नागपूरला ऑपरेशनला आणलेलं. मी अकरा वर्षांची. आई, आजी आणि मी तीन रात्री दवाखान्याच्या आवारात झाडाखाली. एका लॉजवाल्याने आजीचा खोकला ऐकून खोली नाकारली होती. वॉर्डातल्या एक सिस्टर, ख्रिस्ती, चौथ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर आईला म्हणाल्या, "पोरीला ऊन लागेल, घरी चला माझ्या." मोहननगरात दोन खोल्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत.

आजी माळकरी. दारातच थबकली. समोर येशूची तसबीर, आतून मटणाचा वास. आजीचा पदर नाकाला गेला. आईला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टरनी पाहिलं, चपला घातल्या आणि आल्या पावली बाहेर पडल्या. पाऊण तासाने आल्या त्या नवं पातेलं, झाकणी, उलथनं आणि वातीचा स्टोव्ह घेऊन. आजीपुढे ठेवून म्हणाल्या, "माय, हे कोरं आहे. आमचं काही लागलं नाही याला. तुमचा भात तुम्ही शिजवा."

बावीस दिवस राहिलो. तेवढे दिवस त्या घरात मटण शिजलं नाही, हे मला आईने खूप वर्षांनी सांगितलं. रविवारी त्या चर्चला जायच्या, आम्हाला एकदाही चला म्हणाल्या नाहीत. निघायच्या दिवशी आजी आपण होऊन म्हणाली, "बाई, तुझ्या हातचा चहा पाज."

तुम्हाला कोणी असं घरात घेतलं असेल, नाहीतर तुम्ही कोणाला घेतलं असेल, तर लिहा.

तर्रीपोहे
"कोरं आहे" इथेच थांबलो. डोळे भरले. ऑफिसात आहे, रात्री लिहितो.

मेकोसाबागची_लेक
मी दुसऱ्या बाजूची. पप्पा चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री. छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, कुठूनही पेशंट आला की त्याचे नातेवाईक आमच्याकडे. दहावीच्या वर्षी माझी खाट गेली एका म्हातारबुवांना, मी महिनाभर जमिनीवर. खूप राग यायचा. आमच्याच घरात आम्हीच पाहुणे काहून, असं मम्मीला ओरडून विचारलं होतं.

पप्पा बायबलातल्या अब्राहामाची गोष्ट सांगायचे. भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलाय, तीन अनोळखी माणसं दिसतात आणि तो म्हातारा *धावत* जातो. पाय धुवायला पाणी देतो, बायकोला, सारेला, मऊ पिठाच्या भाकरी करायला सांगतो, ते जेवेपर्यंत झाडाखाली उभा राहतो. पप्पांचा जोर सगळा त्या धावण्यावर. "मे महिन्यात नागपुरात दुपारी कोणासाठी धावून बघ, मग कळेल."

म्हातारबुवा जाताना माझ्या उशीखाली अकरा रुपये ठेवून गेले. अजून आहेत. मम्मी मात्र त्या वर्षांत फार थकली, तेही लिहायला हवं. पाहुणचाराचं पुण्य पप्पांच्या नावावर आणि भांडी मम्मीच्या.

ऊनसावली
@मेकोसाबागची_लेक शेवटचं वाक्य शंभर टक्के. आमच्याकडे महालक्ष्म्यांना हेच.

धंतोली७०
आजीने नर्सिंग सीताबर्डीच्या मुर मेमोरियलमध्ये केलं. ते १८९६ चं. त्या काळी बाकीच्या घरांतून मुलींना या कामाला सहसा पाठवत नसत, म्हणून जुन्या सिस्टर पुष्कळशा ख्रिस्तीच. आजी सांगायची, पेशंटपेक्षा त्याच्या बायकोकडे बघावं लागतं, तिने सकाळपासून काही खाल्लेलं नसतं.

पाटवडी
मला एक विचारायचंय. ख्रिस्ती लोकांत परक्याचं एवढं काय असतं? आपल्याकडेही अतिथी देव आहेच नं.

नाथानाएल_सदर
आहेच. आमच्याकडे येशू स्वतःच परका होऊन दाराशी येतो असं बायबलात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. परक्याला घरात घेतलंत ते मलाच घेतलंत, असं तो म्हणतो. इब्री लोकांस पत्रात पाहुणचाराला जो ग्रीक शब्द आहे, फिलोक्सेनिया, त्याचा अर्थच परक्यावरचं प्रेम. आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. यरीहोच्या वाटेवर लुटलेला माणूस पडलाय, याजक बाजूने निघून जातो, लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही निघून जातो. थांबतो कोण, तर ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहारही ठेवत नसत तो शोमरोनी. नुसता थांबत नाही, उतारशाळेवाल्याला दोन दीनार देतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि वर जास्त लागलं तर परतताना देईन म्हणतो. मला ते "परतताना" फार आवडतं. तो परत येणार आहे.

आता माझी गोष्ट. २००३ मध्ये मी भाड्याने घर शोधत होतो. आडनाव ऐकून तीन ठिकाणी नाही म्हणाले. चौथ्या घरच्या आजी म्हणाल्या, "मटण खाशील तर खिडकी उघडी ठेव, बाकी आपल्याला काही नाही." पहिल्या नाताळात मी एकटा, सुट्टी नव्हती. आजींनी दारात रांगोळी काढली आणि करंज्या केल्या. दिवाळीसारखंच असतं नं तुमचं, म्हणाल्या. तेव्हा परका मी होतो आणि घरात घेतलं त्यांनी.

ऊनसावली
अगं बाई, करंज्या! आमच्या शेजारच्या डिसूझा काकू पण नाताळाला करंज्याच पाठवायच्या, सारणात खसखस. कोणाकडे प्रमाण आहे का?

पाटवडी
@नाथानाएल_सदर समजलं. धन्यवाद दादा.

तर्रीपोहे
घरी आलो. २०२० चा मे. पांजरी टोलनाक्यावर चालत जाणारे मजूर, तेलंगणातून यूपीकडे. आम्ही गुरुद्वारावाले, चर्चवाले, मशिदीतले, सगळे पाणी-जेवण वाटत होतो. एका बाईने पुरी घेतली नाही. पोराच्या पायाला चप्पल नव्हती, तिकडे बोट दाखवलं फक्त. आमच्यासोबत चर्चमधले एक साठीचे काका होते. त्यांनी आपल्या चपला काढल्या, त्यांचे बंद कापून दोरीने पोराच्या पायाला बांधल्या. स्वतः अनवाणी स्कूटरपर्यंत गेले. डांबर तापलेलं. त्यांना फोड आले होते, दुसऱ्या दिवशी कळलं. बस, एवढंच.

धंतोली७०
🙏

मेकोसाबागची_लेक
@वैनगंगाकाठ त्या सिस्टर पुन्हा भेटल्या का?

वैनगंगाकाठ
नाही नं. २००६ मध्ये गेले होते, तिथे दुसरेच लोक राहत होते. आजी गेली तेव्हाही कळवता आलं नाही. घरासमोर हापशी होती आणि निळं फाटक, एवढंच आठवतं.

ऊनसावली
पातेल्याचा कान बसवून मिळतो, इतवारीत भांड्यांच्या दुकानांपाशी विचार. रिव्हेट मारून देतात. टाकू नकोस.

मेकोसाबागची_लेक
हापशी माहीत आहे मला. माझी आत्या त्याच गल्लीत आहे, चाळीस वर्षं झाली. आज संध्याकाळी प्रार्थनेला भेटेल, विचारते. मिस्टर रेल्वेत म्हणालीस नं? लोको की गार्ड?