काउंटी जेलमध्ये मृत्यू झाला तर: चौकशी कोणाची, मुदत किती

वर्षा:
नमस्कार मंडळी,
मदत-गटाच्या पुस्तिकेत जेलमधल्या मृत्यूचं पान अजून कोरं आहे. सध्या कॅलिफोर्नियातल्या काउंटी जेलपुरतं लिहू या. कुटुंबाला पहिल्या दिवशी नेमकं काय सांगायचं? "सरकार चौकशी करतंय, धीर धरा" एवढ्यावर पान संपवणं मला पटत नाही.

श्रीकांत:
वर्षाताई, पटू नयेच. चौकशी एक नसते, चार-पाच असतात. प्रत्येकीचा प्रश्न वेगळा, मुदत वेगळी, आणि त्यातली एकही कुटुंबासाठी म्हणून केलेली नसते. त्यामुळे कोणाकडून काय मागायचं हे माहीत हवं.

आधी जेल आणि प्रिझन यांतला फरक लिहा. जेल काउंटीचं (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं), बहुतेक ठिकाणी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, ताब्यातलं. तिथले बरेच जण अजून दोषी ठरलेलेही नसतात, जामीन नाही म्हणून किंवा तारखेची वाट बघत आत असतात. प्रिझन राज्याचं. खालचे नियम जेलचे आहेत.

शेरीफचे तपास अधिकारी गुन्हा घडला का एवढंच पाहतात. कॉरोनर, म्हणजे मृत्यूंची तपासणी करणारा काउंटीचा अधिकारी, मृत्यूचं कारण आणि प्रकार (नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, की दुसऱ्याच्या हातून) ठरवतो. जेलनं 'टायटल 15'च्या (राज्याच्या जेल-नियमांच्या) कलम 1046 प्रमाणे 30 दिवसांत प्राथमिक आढावा घ्यायचा असतो. त्यात जेलचे प्रमुख आणि जबाबदार डॉक्टर बसतात आणि उपचार योग्य होते का, हे तपासतात. राज्याच्या ॲटर्नी जनरलला (मुख्य कायदा अधिकाऱ्याला) 10 दिवसांत लेखी अहवाल जातो. शिवाय 10 दिवसांच्या आत जेलला स्वतःच्या वेबसाइटवर वय, मृत्यूची तारीख, जेलमधली नेमकी जागा, कोर्टातली स्थिती आणि मृत्यूचा प्रकार टाकावा लागतो. जवळच्या नातेवाइकांना कळवता आलं नसेल, तर आणखी 10 दिवस मिळतात. नातेवाईक भारतात असतील तर हे वारंवार घडू शकतं. म्हणून शेरीफ आणि कॉरोनर दोघांनाही आपल्याकडून एक फोन नंबर लेखी द्यायचा.

1 जुलै 2024 पासून एसबी 519 या राज्याच्या कायद्याप्रमाणे राज्य पातळीवर जेलमधल्या मृत्यूंच्या आढाव्यासाठी वेगळा संचालक आहे. त्याच्या शिफारशी शेरीफवर बंधनकारक नाहीत, पण त्या पाळणार की नाही हे शेरीफला लेखी कळवावं लागतं. याच कायद्यामुळे जेलनं केलेल्या चौकशीची कागदपत्रं सार्वजनिक नोंदी म्हणून मागता येतात. काही मजकूर काळा करून मिळतो, तरी अर्ज टाकाच. अर्जावर 10 दिवसांत निर्णय कळवायचा असतो, तो 14 दिवसांनी लांबवता येतो.

आता सगळ्यात घाईचं काम. पहिल्या दोन-तीन दिवसांत वकिलामार्फत, वकील मिळाला नसेल तर स्वतःच्या सहीनं, पुरावे जपून ठेवण्याचं पत्र शेरीफ आणि काउंटीच्या वकिलाला पाठवा. जेलचं व्हिडिओ रेकॉर्डिंग ठरावीक काळानं पुसलं जातं. पत्रात "सर्व पुरावे" असं मोघम लिहून भागत नाही, एकेक वस्तू नावानिशी हवी: त्या कोठडीबाहेरच्या आणि वॉर्डातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण, फेऱ्यांच्या नोंदी, इंटरकॉमचे कॉल, आत घेतानाचा आरोग्य तपासणीचा फॉर्म, डॉक्टरला भेटण्यासाठी कैद्यानं केलेले अर्ज, औषध दिल्याचा तक्ता, फोनवरची रेकॉर्ड झालेली बोलणी, रुग्णवाहिकेचा अहवाल, नारकॅन (अफूजन्य औषधांच्या अतिसेवनावरचा उतारा) दिलं असेल तर त्याची वेळ.

फेऱ्यांच्या नोंदीवर विशेष लक्ष द्या. नियम तासातून किमान एकदा, डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहण्याचा आहे, आणि फेऱ्यांच्या वेळा सारख्या नसाव्यात. दाराजवळच्या बटणाला पहारेकऱ्यानं यंत्र टेकवलं की वेळ उमटते. पण यंत्र टेकवलं म्हणजे आत पाहिलं असं नव्हे. कागदावर रात्री 1.00, 2.00, 3.00 अशा गोल वेळा दिसल्या तर त्या चित्रणाशी ताडून बघायला हव्यात: माणूस दारापाशी थांबला का, काचेतून वाकून पाहिलं का, की चालता चालता टेकवून पुढे गेला? म्हणूनच चित्रण पुसलं जाणं एवढं घातक आहे.

डॉ. स्मिता:
श्रीकांतराव, शवविच्छेदनाचा भाग मी जोडते.

कॅलिफोर्नियाच्या बहुसंख्य काउंट्यांत शेरीफच कॉरोनर असतो. म्हणजे ज्याच्या जेलमध्ये माणूस दगावला, त्याचंच खातं मृत्यूचा प्रकार ठरवतं. शेजारच्या काउंटीकडून शवविच्छेदन करून घेण्याची मुभा कायद्यात आहे, तेव्हा कुटुंबानं ती मागणी त्याच दिवशी लेखी करावी. फॉरेन्सिक शवविच्छेदन परवानाधारक डॉक्टरनंच करायचं असतं, आणि मृत्यूशी थेट संबंध आलेले पोलीस त्या खोलीत येऊ शकत नाहीत.

आपल्या लोकांना हे कळकळीनं सांगा: दहनाची घाई करू नका. देह लवकर अग्नीला द्यावा ही भावना मी समजते, पण दहनानंतर दुसरं मत घ्यायचं म्हटलं तर हातात फक्त कागद उरतो. स्वतंत्र पॅथॉलॉजिस्टकडून दुसरं शवविच्छेदन करायचं असेल तर ते दहनाआधीच. ते परवडणारं नसेल, तर निदान रक्ताचे नमुने, डोळ्यातल्या द्रवाचा नमुना आणि ऊतींच्या काचपट्ट्या जपून ठेवा असं कॉरोनरला लेखी कळवा. डोळ्यातला द्रव महत्त्वाचा अशासाठी, की मृत्यूनंतर रक्तातली साखर आणि क्षार भरवशाचे राहत नाहीत. मधुमेह्याला इन्सुलिन मिळालं नव्हतं किंवा शरीरातलं पाणी कमी झालं होतं, हे त्या द्रवातून बऱ्याचदा कळतं.

विषतपासणीला अनेक आठवडे लागतात. तोवर मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी 'पेंडिंग' येतं. नंतर दुरुस्त दाखला निघतो. विम्याला आणि भारतातल्या वारस नोंदीला तोच मागतात, म्हणून जास्त प्रती दुरुस्त दाखल्याच्या काढा.

अजय, डॅलसहून:
टेक्सासचा नियम वेगळा आहे, पुस्तिकेत निदान एक चौकट तरी द्या. वॉलर काउंटीच्या जेलमध्ये जुलै 2015 मध्ये सँड्रा ब्लँड या कैदी महिलेचा मृत्यू झाला, त्यानंतर 2017 चा कायदा झाला. आता काउंटी जेलमधल्या मृत्यूचा तपास, जेल चालवणाऱ्या खात्याला सोडून, जेल मानक आयोगानं नेमलेलं दुसरं खातं करतं. ॲटर्नी जनरलला अहवाल 30 दिवसांत जातो. आत्महत्येचा धोका किंवा मानसिक आजार असलेल्यांकडे फेरी दर तासाला नव्हे, निदान दर 30 मिनिटांनी हवी.

आणखी एक. गंभीर कैद्याला हॉस्पिटलमध्ये हलवून कागदोपत्री सोडून दिलं, तर नंतरचा मृत्यू जेलच्या आकड्यातून निसटू शकतो. सुटकेच्या कागदावरची वेळ आणि हॉस्पिटलच्या नोंदीतली प्रकृती शेजारी ठेवून बघा.

वर्षा:
फार उपयोगी. भारतीय वकिलात आपोआप येते का?

श्रीकांत:
भारतीय पासपोर्ट असेल तर वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना करारातल्या कलम 37 प्रमाणे मृत्यूची खबर वकिलातीला विनाविलंब द्यायला हवी. अमेरिकन पासपोर्टवर ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) असलेल्यांना हे लागू नाही. अटकेच्या वेळी मात्र भारतीयांच्या बाबतीत कैद्यानं सांगितलं तरच वकिलातीला कळवतात, त्यामुळे माणूस जेलमध्ये होता हेच तिथे माहीत नसू शकतं. फोन आपणच करायचा. देह भारतात न्यायची कागदपत्रं वकिलात करते, चौकशी करत नाही.

आणि पानाच्या सगळ्यात वर एक रिकामी ओळ ठेवा: "मृत्यूची तारीख + सहा महिने." कॅलिफोर्नियात काउंटीकडे भरपाईचा दावा तेवढ्यात दाखल करावा लागतो. फेडरल नागरी हक्कांच्या दाव्याला दोन वर्षं असतात, त्या भरवशावर लोक ही पहिली मुदत घालवतात. आई-वडील पुण्यात आहेत, व्हिसा मिळायचाय, अहवाल आलेला नाही, अशा कोणत्याही कारणानं ती आपोआप पुढे जात नाही. अहवाल हातात नसतानाही दावा दाखल करता येतो.