चिखल, करवंट्या, दगडगोटे: चिल्लीपिल्ली बाहेर काय काय बांधतात?

दिवाळी जवळ आली की थोरली मुलं किल्ल्याची माती कालवायला बसतात आणि धाकट्यांच्या वाट्याला येतं ते "हात लावू नकोस!" मला वाटतं, दीड-दोन वर्षांच्या पोरांनाही हक्काची माती मिळायला हवी. तुमच्याकडे काय चालतं? सामानासकट लिहा.

पुणे, अडीच वर्षांच्या मुलीची आई
सोसायटीत विटा-दगड रचून वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकतो, की झाला डोंगर. मोठ्या मुलांनी लेकीला पायथ्याची जागा दिली. घमेल्यातला चिखल ती मूठमूठ आणून थापायची, मग अंगठा खुपसून म्हणायची, "ही खिडकी." हळीव तिनेच पेरले, म्हणजे एका जागी ओतलेच! बाकी किल्ल्यावर तुरळक हिरवळ आणि तिच्या कोपऱ्यात दाट रान. उठल्याउठल्या ते कुरवाळून यायची. महाराज आणि मावळे वर गडावर, हिची प्लास्टिकची गाय मात्र त्या रानात.

रत्नागिरी, आजोबा
नातवाला करवंट्या पुरतात. ओली वाळू दाबून भरायची, उपडी करायची, वर थोपटायचं. कोरडी वाळू ढासळते, फार ओली पसरते. पाणी त्यालाच घालू द्यावं, अंदाज हाताला येतो. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतरची वाळू अगदी बेताची असते.

डहाणू तालुका, बालवाडी ताई
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली इथेच बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पानं, बिया, शंखशिंपले हीच त्यांची साधनं. आम्हीही तेच वापरतो. गुलमोहराच्या वाळक्या शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजतात, त्या आडव्या मांडून मुलं कुंपण करतात. तिनाच्या आतल्यांना चिंचोके, सागरगोटे देऊ नका, घशात अडकतात. गुंजा, एरंडाच्या बिया आणि कण्हेर विषारी. ही झाडं खेळायच्या जागेजवळ नकोतच.

ठाणे, आई
अंगण नाही. गच्चीवर जुन्या टबात कुंडीतली माती टाकली. लेक त्यात काड्या रोवून "झाडं" लावतो आणि पेल्याने पाणी घालत बसतो. तासभर हाक मारावी लागत नाही, मी शेजारी पाट टाकून बसते.

नाशिक, बाबा
आमचा सव्वा वर्षाचा आहे, माती थेट तोंडात. काय द्यावं?

बालवाडी ताई
दादा, त्याच्या मुठीत न मावणारे गुळगुळीत गोटे आणि पसरट घमेल्यात चार बोटं पाणी द्या. रचेल, पाडेल, धुवेल. पाणी आहे तोवर जवळून उठू नका, खेळ संपला की घमेलं लगेच ओतून टाका.