पोरांना सिसिलियन कशाला?

गिरगावकर: कालच्या बुद्धिबळाच्या पोस्टमध्ये एका पालकांनी ठणकावलंय, ‘ई४ला सी५ हेच उत्तर, ई५ म्हणजे बरोबरीची भीक.’ म्हणजे पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की काळ्याने सी-प्यादं सरकवून सिसिलियनच खेळायचं. वाचून डोकं फिरलं. माझा दहा वर्षांचा पुतण्या नायडॉर्फच्या, म्हणजे सिसिलियनच्याच एका प्रकाराच्या, पंधरा चाली घडाघडा म्हणतो. पांढऱ्याने सहावी चाल वेगळी केली की छताकडे बघत बसतो. फिशरसारखा फिशर, १९७२च्या जगज्जेतेपदाच्या अकराव्या डावात हेच नायडॉर्फ खेळताना बी२वरचं प्यादं खायला गेला आणि स्पास्कीने त्याचा वजीर कोंडला. पोरांना आधी ई५ खेळून मोहरे बाहेर काढायला शिकवा. क्लासवाल्यांना काय, पीडीएफ पाठवली की फी वसूल.

घोडा_डी३वर: एकच डाव धरून बसलात! १९८५च्या जगज्जेतेपदाचा सोळावा डाव बघा. सिसिलियन खेळून कास्पारोव्हने डी३वर घोडा आणून बसवला आणि कार्पोव्हचे मोहरे जागच्या जागी गुदमरले. काळ्याने जिंकायचं तर समतोल मोडावा लागतो. कडेकडचं सी-प्यादं देऊन मधलं डी-प्यादं घ्यायचं, सौदा वाईट आहे का?

ड्रॅगनग्रस्त: सौदा होऊ देतंय कोण? आमच्याकडे जो तो सिसिलियनविरुद्ध दुसऱ्याच चालीला सी३, म्हणजे अलापिन. मी रात्रभर ड्रॅगन हा सिसिलियनचा प्रकार घोकला, बायकोने शेवटी दिवाच बंद केला. सकाळी समोरच्या आजोबांनी सी३ खेळून पोह्यांचा डबा उघडला. त्या वासात माझी अठरा मिनिटं गेली. भेकड ओपनिंग आहे अलापिन!

सी३_काका: भेकड? २५ वर्षं खेळतोय. १९९६ला फिलाडेल्फियात डीप ब्ल्यू या संगणकाने पहिल्याच डावात कास्पारोव्हला याच सी३ने लोळवलं.

ड्रॅगनग्रस्त: आणि सामना ४-२ने कोण जिंकलं? ते सोयीस्कर विसरलात.

सी३_काका: पहिला डाव हरूनच ना? अहो, उत्तर सोपं आहे. डी५ खेळा, त्याने ई-प्याद्याने खाल्लं की वजिराने परत घ्या. सी३वर त्याचंच प्यादं बसलंय, मग घोडा तिथून वजिराला हाकलणार कसा? एवढं बघायचं सोडून रात्रभर ड्रॅगन! आळशी तुम्ही आणि भेकड मी?

ड्रॅगनग्रस्त: तोंड सांभाळा, काका.

गिरगावकर: प्रश्न पोरांचा होता हो.

घोडा_डी३वर: पुतण्याला सी५ खेळू दे, पीडीएफ फाडा. झालं समाधान?

गिरगावकर: निम्मं.

ड्रॅगनग्रस्त: रविवारी तेच आजोबा. डी५ खेळलो, अर्धा गुण मिळाला. पोहेही मिळाले. सी३ भेकडच आहे.