मदत हवी आहे: सिनॉप्सिस परत आला, 'संशोधन आराखडा नाही' असा शेरा

नीरजा_८
नमस्कार. राज्यशास्त्रातला पीएचडीचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा प्रस्ताव, समितीकडून परत आलाय. शेरा एवढाच: 'हे वर्णन आहे, संशोधन आराखडा नाही.' उद्दिष्टे, गृहीतके, प्राथमिक व दुय्यम साधने, प्रकरण रचना, सगळं दिलं होतं. आणखी काय हवं असतं? गाइड सर म्हणतात, वाचन वाढव. पंधरवड्यात पुन्हा द्यायचाय. कुणाकडे मंजूर झालेला नमुना असेल तर प्लीज पाठवा. विषय महिला सरपंच.

पारावरचा
'महिला सरपंच' हा विषय झाला, प्रश्न कुठाय? शीर्षक आणि गृहीतक जसंच्या तसं टाका.

आकडेमोड
एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकून घ्या. ३०० जणांची प्रश्नावली, त्यावर काय-स्क्वेअर ही सांख्यिकी चाचणी. आमच्याकडे असे सिनॉप्सिस अडत नाहीत.

पारावरचा
@आकडेमोड, प्रश्न माहीत नाही आणि चाचणी सांगून मोकळे?

नीरजा_८
शीर्षक: 'ग्रामविकासात महिला सरपंचांची भूमिका'. गृहीतक: महिला सरपंचांमुळे गावाचा विकास झाला आहे. आठ गावं घेतलीत. मुलाखती आणि प्रश्नावली.

काठावरची
आठ गावं कशी निवडली?

नीरजा_८
पुरस्कार मिळालेली घेतली, तिथे काम दिसतं. सगळीकडे महिला सरपंच आहेत. पण माझा प्रश्न आराखड्याचा आहे.

काठावरची
नीरजाताई, आराखड्याचाच मुद्दा आहे हा. सगळ्या गावांत महिला सरपंच आणि सगळ्या गावांत चांगलं काम. मग काम सरपंचांमुळे झालं की गाव मुळातच सधन, एकजुटीचं होतं म्हणून, हे कशावरून ठरवणार? पुरुष सरपंच असलेलं एकही गाव नाही, काम न झालेलं एकही गाव नाही. निकाल बघून गावं निवडली की गृहीतक खोटं ठरायला वावच उरत नाही.

राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा २००४ चा निबंध काढा. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर, दोन जिल्हे. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींची एक तृतीयांश प्रमुखपदं महिलांना राखीव झाली, आणि कोणती पंचायत राखीव हे गावानं ठरवलं नव्हतं. म्हणून राखीव आणि अराखीव पंचायतींची तुलना करता आली. बायका कशाच्या तक्रारी आणतात आणि पुरुष कशाच्या, हेही त्यांनी पाहिलं. राखीव पंचायतींत दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. रस्त्यांचं मात्र बंगालमध्ये वाढलं, राजस्थानात घटलं, कारण राजस्थानातल्या बायकांची रस्त्याची मागणी पुरुषांपेक्षा कमी होती. 'विकास झाला' आणि हे, यातला फरक बघा.

जुना_कार्यकर्ता
हे सगळं कागदावर ठीक. आमच्या भागात सही बाईंची असते आणि निर्णय नवऱ्याचा. ते रोकडवहीत दिसत नाही. ग्रामसभेत मागे बसून बघावं लागतं, कोण बोलतं आणि बोलताना कुणाकडे बघतं. समाजाची प्रयोगशाळा होत नाही.

काठावरची
दादा, प्रयोगशाळा कुणी म्हटलंच नाही. आधी तुलना करा, मग ज्या गावांत अपेक्षेच्या उलट घडलंय तिथे जाऊन बसा.

जुना_कार्यकर्ता
क्रम उलटा आहे. आधी बसल्याशिवाय काय मोजायचं हेच कळत नाही.

स्पर्धक_लातूर
नेट परीक्षेच्या पेपर एकला संशोधन पद्धतीचे प्रश्न कुठल्या पुस्तकातून करावेत?

पारावरचा
त्यासाठी वेगळा धागा काढा ना.
नीरजाताई, महाराष्ट्रात करणार असाल तर अडचणी आत्ताच लक्षात घ्या. एक, इथे २०११ पासून आरक्षण ५० टक्के आहे आणि ते फिरतं, म्हणजे नुसत्या चिठ्ठीवर ठरत नाही. मागच्या खेपांना गावाला काय आरक्षण होतं तेही नोंदवा. दोन, खुल्या जागेवर निवडून आलेली बाई 'राखीव' गटात घालू नका. तशी गावं वेगळी असतात. तुलना पदाच्या आरक्षणाची करा, सरपंच स्त्री की पुरुष याची नको. तीन, सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. म्हणून एकाच तालुक्यातली, एकाच निवडणुकीतली गावं घ्या.

आकडेमोड
आणि 'विकास' मोजणार कसा? मी म्हटलं ना, शेवटी आकड्यांवरच येतं.

पारावरचा
बरोबर, पण कुठले आकडे? १५व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे. ते राखीव गावातही होणार आणि अराखीवमध्येही. सरपंचाची पसंती दिसलीच तर उरलेल्या ४० टक्के अबंधित रकमेत. तिथे काय घेतलं, गटार, अंगणवाडीची दुरुस्ती, की चौकात कमान, हे बघा.

नीरजा_८
हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग आठ गावं सोडून द्यायची का? तीन ठिकाणी मुलाखती झाल्यात. आणि मागच्या आरक्षण सोडतींच्या याद्या कुठे मिळतील?

जुना_कार्यकर्ता
मुलाखती ठेवा. त्या बायका काय म्हणाल्या हे कुठल्याच तक्त्यात येणार नाही.

काठावरची
ठेवा, पण कारण सिद्ध करायला वापरू नका. प्रश्न सुचायला वापरा. याद्यांसाठी तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत विचारा. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तेवढी वाट तुम्हाला परवडणार नाही. सिनॉप्सिसमध्ये यादी लागतही नाही. गावं कुठल्या नियमानं निवडणार, कशाशी तुलना करणार आणि काय आढळलं तर गृहीतक चुकलं म्हणणार, एवढं एका पानात लिहा. ते पान इथे टाका, आज रात्री बघते.